पक्की नोकरी आणि वरची खुर्ची

मुलगा इंजिनियर झाला की घरची काळजी मिटली, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. तिचे मूळ शोधावयाचे तर आपल्याला १८५४ सालच्या पुण्यात जावे लागेल. त्या वर्षी तेथे इंजिनियरिंगचा वर्ग निघाला, तो सरकारच्या बांधकाम खात्याला हाताखालची माणसे मिळावीत म्हणून. 'हाताखालची' हा शब्द आपण ध्यानात ठेवू. वरच्या जागांसाठी १८७१ साली इंग्लंडात कूपर्स हिल येथे निराळे कॉलेज निघाले. तेथले तरुण थेट अधिकारी होऊन हिंदुस्थानात येत.

पुण्याच्या कॉलेजातून १८८३ साली विश्वेश्वरय्या पहिले आले आणि १८८४ साली मुंबई सरकारचे साहाय्यक इंजिनियर झाले. नोकरी पक्की, पगार पक्का, पुढे पेन्शन! खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसविले आणि तळ्यात अधिक पाणी साठू लागले. कर्तृत्वात उणे ते काय होते? पण चीफ इंजिनियरची खुर्ची हिंदी माणसाला मिळेल, असा भरवसा त्या खात्यात नव्हता. १९०८ साली, पन्नाशीच्या आतच, ते त्या पक्क्या नोकरीतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी म्हैसूर संस्थानाने त्यांना चीफ इंजिनियर नेमले. कूपर्स हिलचे कॉलेज तर १९०६ सालीच बंद झाले होते.