विद्युत ड्रायर : तापनातील बिघाड

कपडे वाळवण्याच्या विजेवरील यंत्राचा ड्रम नीट फिरतो, आवाजही नेहमीसारखाच येतो, पण कपडे ओले निघतात किंवा वाळायला दुप्पट वेळ घेतात, तेव्हा त्या यंत्राच्या तापनात बिघाड झाला असे मानले जाते. अर्धस्वयंचलित वॉशिंग मशिनमधील ज्या टबला घरोघरी ड्रायर म्हणतात, तो कपडे नुसते वेगाने फिरवून पिळतो. त्यात तापक नसतो, म्हणून त्याचा विचार येथे केलेला नाही.

साध्या ड्रायरमध्ये एकच मोटर पट्ट्याने ड्रम फिरवते आणि पंखाही चालवते. पंखा खोलीतील हवा ओढतो. ती नायक्रोमच्या कॉइलवरून तापून ड्रममध्ये शिरते, कपड्यांतील पाणी वाफेच्या रूपाने उचलते आणि जाळीतून गाळली जाऊन नळीवाटे बाहेर पडते. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६८ युनिट वीज लागते. कपड्यांत तीन लिटर पाणी उरले असेल, तर २,००० वॅटच्या कॉइलला ते उडवायला उत्तम स्थितीतही तासभर लागणारच. त्यामुळे वॉशिंग मशिनने कपडे नीट पिळले नसतील किंवा ड्रम ठासून भरला असेल, तर दोष ड्रायरचा नसतो.

पहिली परीक्षा हाताने होते. रिकामे यंत्र सर्वांत जास्त तापमानावर पाच मिनिटे चालवून दार उघडावे. आत चांगली ऊब असेल, तर कॉइल शाबूत आहे आणि अडचण बहुधा हवेच्या वाटेत आहे. आतली हवा खोलीइतकीच गार असेल, तर विजेची वाट तपासावी लागते. एवढे न पाहताच नवी कॉइल मागवली जाते आणि खर्च वाया जातो.

हवेची वाट तुंबते ती मुख्यतः कपड्यांतून सुटणाऱ्या लवेने, म्हणजे लिंटने. जाळीवरची लव दर खेपेला काढावी, हे सर्वांना ठाऊक असते. पण कपडे मऊ करणाऱ्या द्रव्यांचा न दिसणारा थर जाळीच्या छिद्रांवर बसतो, तो लव काढून जात नाही. जाळी नळाखाली धरावी. पाणी आरपार न जाता वर साचले, तर ती साबणाच्या पाण्याने मऊ ब्रशने घासून, पूर्ण वाळवून मगच बसवावी. त्यानंतर मागची नळी पाहावी. भिंत आणि यंत्र यांच्यामध्ये ती चेपलेली असते, वळणांवर लव साठते, बाहेरच्या तोंडाची झडप चिकटते किंवा तिथे पक्षी घरटे करतात. नळी आखूड, शक्य तितकी सरळ आणि आतून गुळगुळीत धातूची असावी.

भारतात बरेच ड्रायर नळीशिवायच बाथरूममध्ये किंवा बंद गॅलरीत चालवले जातात. बाहेर टाकलेली दमट हवा यंत्र पुन्हा आत ओढते. पावसाळ्यात कोकण किनारपट्टीवर मुळातच हवा दमट असते. त्यात खिडकी बंद असेल, तर कॉइल तापत असूनही कपडे वाळत नाहीत. अशा वेळी दुरुस्तीची नव्हे, खिडकी उघडण्याची किंवा एक्झॉस्ट पंख्याची गरज असते.

वाट तुंबली की नुकसान तिथेच थांबत नाही. पुरेशी हवा न मिळाल्याने कॉइलभोवतीचे तापमान चढते आणि मर्यादा थर्मोस्टॅट पुरवठा तोडतो. कॉइल निवली की तो पुन्हा जोडतो, पुन्हा तोडतो. ड्रमपर्यंत उष्णता थोडीच पोहोचते. असे दिवसेंदिवस चालले की थर्मल फ्यूज उडतो. हा फ्यूज एकदाच कामी येतो. तो पूर्ववत होत नाही. काही यंत्रांत तो उडाल्यावर फक्त तापन थांबते, काहींत सगळे यंत्रच बंद पडते. म्हणून उडालेला फ्यूज हे मूळ कारण न मानता परिणाम मानावा.

विजेच्या तपासणीत आधी पुरवठा पाहावा. भारतातील २३० व्होल्टच्या यंत्राला १६ अँपिअरचे, चांगल्या अर्थिंगचे सॉकेट लागते. ढिल्या पिना आणि काळवंडलेला प्लग हे लगेच दिसणारे दोष. अमेरिका व कॅनडात हे यंत्र २४० व्होल्टवर दोन फेजच्या तारांनी चालते, पण मोटर १२० व्होल्टवर फिरते. दोनपैकी ज्या तारेवर मोटर चालत नाही, तिचा पुरवठा तुटला की ड्रम फिरत राहतो आणि उष्णता नाहीशी होते. तेथे राहणाऱ्यांनी म्हणून आधी जोडब्रेकर पूर्ण बंद करून पुन्हा चालू करून पाहावा.

पुढची तपासणी प्लग काढूनच, मल्टिमीटरने करावी. ज्या भागाची तपासणी करायची, त्याची एक तार सोडवावी; नाहीतर दुसऱ्या वाटेने चुकीचे माप येते. शाबूत फ्यूज आणि थंड मर्यादा थर्मोस्टॅट जवळजवळ शून्य रोध दाखवतात. २,००० वॅटच्या भारतीय कॉइलचा रोध सुमारे २६ ओहम, तर ५,४०० वॅटच्या अमेरिकी कॉइलचा सुमारे ११ ओहम येतो. अनंत रोध म्हणजे कॉइल तुटलेली. कॉइल व तिचे धातूचे घर यांच्यात जोड दिसू नये. तो दिसला तर कॉइल लोंबून घराला टेकली आहे. अशा दोषाने भारतीय घरात विजेच्या गळतीवर पुरवठा तोडणारा आरसीसीबी उडतो, तर अमेरिकी यंत्र बंद केल्यावरही त्याची कॉइल तापत राहू शकते. तापमान मोजणाऱ्या थर्मिस्टरचा रोध उष्णतेबरोबर कमी व्हायला हवा; बऱ्याच यंत्रांत २५° से.ला तो सुमारे १०,००० ओहम असतो.

हे सर्व ठीक असेल, तर संशय मोटरमधील केंद्रोत्सारी स्विचवर किंवा नियंत्रक पट्टीच्या रिलेवर जातो. मोटर पुरेशा वेगाने फिरू लागल्यावरच हा स्विच कॉइलला वीज देतो. त्याचे संपर्कबिंदू जळाले की मोटर फिरते, कॉइल थंड राहते. ही कामे जाणकार मिस्त्रीकडेच द्यावीत.

ड्रममधील ओलावा ओळखणाऱ्या दोन धातूपट्ट्यांवर थर बसला की यंत्र वेळेआधीच थांबते. पट्ट्या ओल्या फडक्याने पुसल्या की हा दोष जातो. हीट पंपच्या ड्रायरमध्ये मात्र हवा काँप्रेसर आणि शीतकाच्या चक्राने तापते. त्यांचे तापमान कमी आणि वेळ जास्त असतो, आणि तो दोष नसतो. धूळ साठलेली जाळी व उष्णता-विनिमयक साफ करूनही हवा गारच राहिली, तर शीतकाच्या चक्राची तपासणी कारागिराने करावी.

थर्मल फ्यूज काढून त्याजागी तार जोडणे हा काही ठिकाणी होणारा 'तात्पुरता' उपाय अत्यंत धोक्याचा आहे. अमेरिकी अग्निशमन प्रशासनाच्या २०१२च्या अहवालानुसार तेथील घरांत ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागत होत्या आणि त्यांत सफाईचा अभाव हे आघाडीचे कारण होते. नवा फ्यूज त्याच मापाचाच बसवावा, आणि बसवण्यापूर्वी हवेची सगळी वाट मोकळी करून घ्यावी.