वाटी-चमचा (मराठी पाककृतींतील मापे)

मराठी पाककृतींत जिन्नसांचे प्रमाण सांगण्याची रूढ पद्धत. वाटी, फुलपात्र, चमचा, डाव ही घरातली भांडी, मूठ, चिमूट, बोटाचे पेर ही हाताची मापे आणि लिंबाएवढी चिंच, हरभऱ्याएवढा हिंगाचा खडा असे दाखले या पद्धतीत एकत्र नांदतात. यांतले एकही माप ठरावीक आकाराचे नाही. एका घरातली आमटीची वाटी दुसऱ्या घरातल्या वाटीच्या दीडपट असू शकते. तरीही दोन्ही घरांत लाडू नीट वळले जातात, कारण वाटी वजन सांगत नाही, गुणोत्तर सांगते.

सात कप वडी हे याचे चोख उदाहरण. बेसन, ओले खोबरे, दूध आणि तूप प्रत्येकी एक माप, साखर तीन मापे. माप कोणतेही घ्या, मोठे घेतले तर वड्या जास्त होतील एवढेच. उकडीच्या मोदकांना तांदळाचे पीठ आणि पाणी बहुतेक घरांत समसमान घेतात, तिथेही हाच न्याय. अट एकच, की सगळे जिन्नस त्याच वाटीने मोजायचे. मात्र ‘दोन वाट्या मैदा, 100 ग्रॅम लोणी, पाव चमचा सोडा’ अशी सरमिसळ झाली की ही सोय संपते. वाटी मोठी निघाली तर मैदा वाढतो, लोणी आणि सोडा तिथेच राहतात आणि नानकटाई बिघडते.

जुन्या वह्यांत शेर, पावशेर, छटाक आणि तोळा भेटतात. ब्रिटिश अमलात स्थिरावलेला शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅमचा. पावशेर 233 ग्रॅम आणि छटाक सुमारे 58 ग्रॅम. त्याआधीचा गोंधळ मोठा होता. मुंबईचा जुना मण 28 पौंडांचा आणि त्याचे 40 शेर, म्हणजे एक शेर जेमतेम 318 ग्रॅम. धान्य मात्र तोलत नसत, भरून मोजत. त्यासाठी चिपटे, मापटे आणि पायली होती. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा मापी शेर, चार शेरांची पायली. म्हणून जुन्या वहीतल्या ‘शेरभर तांदूळ’ आणि ‘शेरभर गूळ’ यांतला शेर एकच असेल असे धरून चालू नये. 1956 च्या कायद्याने दशमान मापे आली आणि 1 ऑक्टोबर 1958 पासून किलोग्रॅमची वजने वापरात येऊ लागली. बाजारात आजही ‘पावशेर मिरची द्या’ म्हटले, तरी तराजूत 250 ग्रॅमच पडतात.

तराजू नसलेल्या स्वयंपाकघरात छापील पाककृती रुजवण्याचे मोठे श्रेय कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ला (1970) द्यावे लागते. या पुस्तकात प्रमाणे वाटी-चमच्याने दिली आहेत. नव्याने संसार मांडणाऱ्या मुलीकडे वजनकाटा नसला, तरी वाटी असणारच, हा त्यातला व्यवहार.

चमचा वाटीपेक्षा फसवा. चहाचा चमचा 5 मिलिलिटरचा आणि मोठा चमचा, म्हणजे टेबलस्पून, 15 मिलिलिटरचा धरतात. पोहे खायचा चमचा या दोहोंच्या मधला. पाककृतीत नुसते ‘चमचा’ लिहिले असेल, तर हळद-तिखटासाठी लहान आणि तेल-तुपासाठी मोठा समजायचा, असा न लिहिलेला संकेत दिसतो. त्यात शीग लावून भरलेला चमचा सपाट चमच्याच्या दुपटीच्या आसपास जाऊ शकतो. अमेरिकेत फॅनी फार्मर यांनी 1896 च्या आपल्या पुस्तकात सपाट मापाचा आग्रह धरला, तो याचसाठी. मराठी पुस्तकांत हा खुलासा अजूनही क्वचितच सापडतो.

शब्दांची मांडणी बदलली, तरी माप बदलते. ‘एक वाटी डाळ शिजवून’ म्हणजे कच्ची डाळ वाटीभर, ‘एक वाटी शिजवलेली डाळ’ याच्या निम्म्याहूनही कमी कच्च्या डाळीत होते. कोकण-गोव्याकडच्या पाककृतींत ‘नारळाची एक वाटी’ म्हणजे फोडलेल्या नारळाचे एक भकल. ‘एक वाटी खवलेला नारळ’ हे निराळे प्रकरण.

पाकाची मापे तर भांड्यात मावतच नाहीत. एकतारी, दोनतारी, गोळीबंद ही नावे साखरेच्या पाकातले पाणी किती आटले ते सांगतात. बोटांच्या चिमटीत एक तार धरली की पाक पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या थोडाच वर, 105 अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. थेंब पाण्यात टाकून त्याची घट्ट गोळी होते, तेव्हा तापमान 120 अंशांजवळ पोचलेले असते. तापमापक नसताना काढलेली ही परीक्षा चांगलीच नेमकी आहे. ‘मावेल तेवढी कणीक’ हेही असेच. घारग्यांचा भोपळा कधी पाणचट, कधी कोरडा, मग कणीक ग्रॅममध्ये सांगून काय उपयोग? हे ढिसाळ माप नव्हे. ‘अंदाजे पाणी’ मात्र खरोखरच ढिसाळ.

परदेशी कपानेही घोळ होतो. अमेरिकी कप सुमारे 240 मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियाचा 250 चा, आणि तिथला टेबलस्पून 15 नव्हे, 20 मिलिलिटरचा. विजेच्या राइस कुकरसोबत येणारा कप बहुधा 180 मिलिलिटरचा असतो. कुकरच्या आतल्या रेघा त्याच कपासाठी आखलेल्या असतात, त्यामुळे तांदूळ वाटीने आणि पाणी रेघेने घेतले तर भात चुकतो. कपातून ग्रॅमकडे जाताना जिन्नसही पाहावा लागतो. अमेरिकी कपात साखर सुमारे 200 ग्रॅम बसते, मैदा 120 ते 125 च.

पाककृती लिहून ठेवणाऱ्याने आपल्या वाटीत किती मिलिलिटर पाणी मावते ते एकदा मोजून वहीच्या पहिल्या पानावर नोंदवावे. औषधाच्या बाटलीसोबत येणारे खुणांचे टोपण त्यासाठी पुरते.