नाव लिहून घेणाऱ्यांची जबाबदारी

१९९० पर्यंत जळगाव-धुळ्याची महाविद्यालयं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. मग जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आलं. २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्यांनी उतरवून घेतल्या म्हणूनच त्यांच्या ओव्या टिकल्या.

आता विद्यार्थ्याची ओळख मोबाइलमध्ये चालली आहे: २०१५ मध्ये डिजिलॉकर, नंतर १२ अंकी अपार क्रमांक. त्यासाठी नाव आधारशी जुळावं लागतं. आमच्या ‘शेख’चं इंग्रजी स्पेलिंग मात्र दाखल्यावर एक, आधारवर दुसरं.

ओळखपत्राचं अ‍ॅप बनवणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन: नावदुरुस्तीची सोय आधी करा आणि सातपुड्याच्या पायथ्याशी नेटवर्क नसतानाही कार्ड उघडू द्या. अक्षरओळख नसलेल्या बाईचं नाव मिरवणाऱ्या विद्यापीठात एका अक्षरासाठी कुणी पोर अडू नये.