गानवृंदाचा परतीचा प्रवास

ख्रिस्तसभेचा इतिहास धर्मपरिषदांच्या ठरावांत जसा सापडतो, तसाच तो गायकांच्या प्रवासांतही सापडतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीज गलबतांतून धर्मगुरू गोव्यास आले, तेव्हा त्यांच्यासोबत युरोपचे उपासनासंगीतही आले. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत मुलांना अक्षरांबरोबर स्वरही शिकविले जात. चर्चसाठी गायक घडविणे हा त्यामागील एक हेतू होता. पश्चिमेकडून पूर्वेकडे झालेला हा प्रवास आपणांस परिचित आहे. उलट दिशेने झालेल्या प्रवासाकडे मात्र आपले लक्ष फारसे गेलेले नाही.

१९५६ साली व्हिक्टर परंज्योती यांनी मुंबईत एक गानवृंद उभारला. १९६७ साली त्यांचे निधन झाले आणि कूमी वाडिया या पारशी विदुषीने संचालनाची धुरा स्वीकारून ती कित्येक दशके वाहिली. २०२३ साली त्या पद्मश्रीने सन्मानित झाल्या. निरनिराळ्या धर्मांच्या गायकांचा हा वृंद युरोपसह अनेक देशांत गाऊन आला. पाश्चात्त्य रचनांबरोबर त्याच्या शिदोरीत भारतीय रचनाही होत्या. परंज्योती यांच्या ‘द्रविडियन डिथिरॅम्ब’ या रचनेत अर्थवाही शब्दच नाहीत. रागाची वळणे व तालाचे बोल केवळ मानवी कंठांतून उमटतात. लंडन व पॅरिस येथे शिकलेल्या वनराज भाटिया यांनी तर या वृंदासाठी गीतेतील वचने बहुस्वरी गायनात बांधली.

असे दौरे करणाऱ्या वृंदांचे कार्यक्रम युरोपात पुष्कळदा जुन्या चर्चमध्ये होतात. त्याचे कारण केवळ जागेची सोय हे नव्हे. तेथील बरेचसे संगीत त्या वास्तूंच्या सहवासातच वाढले. व्हेनिसच्या संत मार्क मंदिरात समोरासमोरच्या सज्जांतून गाणाऱ्या दोन वृंदांची परंपरा बहरली. १५२७ ते १५६२ या काळात एड्रियन विलार्ट तेथील संगीतप्रमुख होते. लाइपझिगच्या संत थॉमस चर्चचा बालवृंद १२१२ पासूनची परंपरा सांगतो. योहान सेबास्टियन बाख १७२३ पासून १७५० मधील मृत्यूपर्यंत तेथे सेवेत होते. दगडी कमानीखाली स्वर उशिरा विरतो. तेथे घाईने गायिले, तर एक स्वर दुसऱ्यावर चढतो आणि शब्द हरवतात. पाहुण्या गायकाला आधी त्या भिंतींचे ऐकावे लागते, मग गावे लागते.

पाहुण्याने नम्र असावे, पण रिकाम्या हाताने जाऊ नये, हा या इतिहासाचा बोध आम्हांस मोलाचा वाटतो. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसृत केलेल्या उपासनाविषयक संविधानात ग्रेगोरियन गायनाला मानाचे स्थान दिले. त्याच दस्तऐवजाने प्रेषितकार्याच्या प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेचा आदर करून तिला उपासनेत योग्य स्थान द्यावे, असेही सांगितले. या दोन्ही गोष्टी एकाच शिकवणीच्या आहेत, हे विसरून चालणार नाही.

नंदुरबार जिल्ह्यात आम्ही हा प्रश्न रोज अनुभवतो. सातपुड्यातील काठीच्या होळीचा भलामोठा ढोल डोंगरउतारावर जसा घुमतो, तसा तो दगडी घुमटाखाली घुमणार नाही; आणि युरोपचा ऑर्गन आमच्या पत्र्याच्या प्रार्थनामंदिरात शोभणार नाही. तरीही शहरातून आलेल्या ध्वनिमुद्रित चालीच काय त्या खऱ्या, असे आमच्या तरुण गायकांना वाटू लागले, तर भिलोरी, पावरी व मावची बोलींतील लय मिस्साच्या दारातच थांबेल. ती पुढच्या पिढीने ऐकलीच नाही, तर उपासनेत आणणार कोण?

मुंबईचा वृंद परक्या देशी मान पावला, कारण त्याने तेथील संगीत मनापासून शिकले आणि आपलेही जपले. आमच्या धर्मग्रामांतील मुलांनी परदेशी जावे किंवा न जावे. त्यांनी वेदीपुढे उभे राहताना आपल्या मातीचा स्वर बाहेर ठेवून येऊ नये, एवढी आमची अपेक्षा आहे.