नमुनेदारपणा (चित्रशैलीतील)

एखादे चित्र आपल्या शैलीचा कितपत अस्सल नमुना वाटते, याची पाहणाऱ्याने केलेली पारख. (बोलण्यात ‘काय नमुना आहे!’ म्हणजे जगावेगळा माणूस. इथे अर्थ नेमका उलटा.) एलिनॉर रॉश या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात मांडले, की माणूस व्याख्या घोकून नव्हे, तर मनात ठसलेल्या नमुन्याशी ताडून गोष्टी ओळखतो. पक्षी म्हटले की चिमणी आधी आठवते, कोंबडी मागाहून.

विषय ओळखणे म्हणजे शैली ओळखणे नव्हे. अकोला-अमरावतीकडच्या घरात शेगावच्या गजानन महाराजांचे चित्र कुणाच्याही हातचे असो, चिलीम दिसली की ओळख पटते. रेघ कशी ओढली, रंग कसा लावला, याकडे लक्षच जात नाही. शैलीची पारख मात्र त्या रेघा-रंगांपासूनच सुरू होते.

वऱ्हाडाच्या नात्यातले उदाहरण अजिंठ्याचे. सोळावे लेणे दान करणारा वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. हरिषेण वत्सगुल्म शाखेचा, आणि वत्सगुल्म म्हणजे वाशीम, जे १९९८पर्यंत अकोला जिल्ह्यातच होते. त्याच काळातला, म्हणजे पाचव्या शतकातला, पहिल्या लेण्यातला बोधिसत्त्व पद्मपाणी (मिटत आलेले डोळे, कमरेत हलका बाक, उजव्या हातात निळे कमळ) इतक्या वेळा छापला गेला, की अजिंठा शैली म्हणजे तोच, असे डोळ्यांत बसले आहे. दहाव्या लेण्यात मात्र हा हिशेब चुकतो. तिथे खांबांवरचे बुद्ध पाचव्या शतकातले, म्हणून लगेच ‘अजिंठ्याचे’ वाटतात. भिंतींवरचे, छद्दंत जातकातले (बुद्धाच्या पूर्वजन्मीच्या कथेतले) हत्ती आणि कपाळावर मोठी गाठ आलेले फेटे त्यांच्याहून पाच-सहाशे वर्षांनी जुने. रंग गेरूच्या घराण्यातले, पद्मपाणीच्या काळातला उंची निळा रंग तिथे नाही, फेट्यांचे वळण सांचीच्या शिल्पांचे. वयाने मान भिंतीचा, पण नजर खांबाला कौल देते.

हा सगळा सरावाचा खेळ. जपानमध्ये शिगेरू वातानाबे आणि सहकाऱ्यांनी कबुतरांना मोने व पिकासो यांची चित्रे वेगळी काढायला शिकवले (१९९५). कधी न पाहिलेली चित्रेही त्यांनी बरोबर ओळखली. सेझान-रन्वार मोनेकडे, ब्राक-मातीस पिकासोकडे घातले. कलेच्या इतिहासाचे पुस्तक त्यांनी उघडले नव्हते, हे सांगायला नकोच.

नावावरून गफलत नको: ‘अमरावती शैली’चा वऱ्हाडातल्या अमरावतीशी संबंध नाही, ती आंध्रातल्या कृष्णाकाठच्या स्तूपाची शिल्पशैली होय.