मोहेंजोदडो येथील विटा व लोणा

मोहेंजोदडोस सिंधूच्या पुराचे भय आहे, ही समजूत निराधार नव्हे. तथापि तेथील भिंतींचा क्षय मुख्यतः जमिनीखालून चढणाऱ्या पाण्याने झाला आहे. राखालदास बॅनर्जी यांनी १९२२ मध्ये उत्खनन आरंभिले आणि सहस्रावधी वर्षे मातीने झाकलेल्या विटा उघड्या पडल्या. पुढे १९३२ मध्ये सक्करचा बंधारा पूर्ण होऊन कालव्यांच्या सिंचनाने भूजल वर आले. १९५० मध्ये व्हीलर यांना पंप लावूनही वसाहतीचा तळ गाठता आला नाही.

हे पाणी विटांच्या छिद्रांतून वर शोषले जाऊन पृष्ठभागी आटते व क्षार मागे राहतो. त्यातील सोडियम सल्फेट दमट हवेत पाणी घेऊन फुगते, उन्हात पुन्हा कोरडे होते. या आवर्तनांत विटेचे पापुद्रे सुटून अखेर तिची भुकटी होते. आपल्याकडील जुन्या भिंतींस लोणा लागतो, तोच हा प्रकार होय.

युनेस्कोने १९७४ मध्ये आरंभिलेल्या मोहिमेत भूजल उपसण्यासाठी नलिकाकूप खोदण्यात आले. भिंतींस मातीचा लेपही देतात; क्षाराने झिजावयाचे तर लेपाने झिजावे, विटेने नव्हे. हा उपाय सर्वांत शहाणपणाचा खरा, परंतु त्याची सारी मदार सिंधमधील अल्प पर्जन्यावर आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये ती ढळली. नदी अवशेषांत शिरली नाही. अतिवृष्टीनेच काही भिंती ढासळल्या. ज्या नगराच्या सांडपाणी-व्यवस्थेचे आपण वर्गात कौतुक करतो, तेथेच आता पावसाच्या पाण्याचा निचरा हा संरक्षणाचा पहिला प्रश्न झाला आहे.