फावल्या वेळेची जागा : साताऱ्याचं आणि सांगलीचं नगर वाचनालय

मंडळी, आज आपण एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. कामावरून सुटलेला माणूस पूर्वी संध्याकाळी जायचा कुठे? उत्तर ठरलेलं होतं : पार, देऊळ, कीर्तन, नाहीतर तमाशा. सांगलीत 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आणलं आणि या यादीत नाटकाची भर पडली. या सगळ्या ठिकाणी फावला वेळ चारचौघांत, मोठ्या आवाजात जायचा. मग अशी एक जागा निघाली, जिथे चारचौघांत बसायचं, पण गप्प बसायचं. ती म्हणजे वाचनालय.

आपल्याकडे ही सुरुवात 1828 मध्ये रत्नागिरीत झाली. पुढे 1838 मध्ये अहमदनगर, 1848 मध्ये पुणे. साताऱ्याचं वाचनालय 1852 चं. हे साल लक्षात ठेवा. त्याआधी चारच वर्षं, 1848 मध्ये, साताऱ्याचं राज्य खालसा झालं होतं. दरबार गेला, कचेरी आली. कामाला कचेरीची वेळ लागली, तशी सुटीलाही वेळ लागली. कारकून, वकील, मास्तर यांच्या हाती रोजचे दोन मोकळे तास आले. पण वर्तमानपत्र, पुस्तक एकट्याच्या खिशाला परवडणारं नव्हतं. तेव्हा वर्गणी जमवायची, एक अंक आणायचा आणि सगळ्यांनी वाचायचा. वाचनालयाचं मूळ आम्हाला या साध्या व्यवहारात दिसतं.

सांगलीचं वाचनालय 1869 चं. सांगली तेव्हा पटवर्धनांचं संस्थान होती. म्हणजे ही गरज फक्त इंग्रजी अंमलातल्या गावांची नव्हती.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. तेव्हाचा वाचक म्हणजे बहुतेक शिकलेला, वरच्या जातींतला पुरुष. शेतात राबणाऱ्याला अक्षरओळख नव्हती, आणि बाईला फावला वेळ असतो हेच कुणाला मान्य नव्हतं. ‘सार्वजनिक’ हा शब्द पाटीवर आधी आला, आत यायला फार वर्षं लागली. शेजारच्या कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्ये ग्रंथालयांचा कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा 1967 चा. त्यातून वाचनालयांना अनुदान मिळू लागलं, पण ग्रंथालयासाठी वेगळा कर काही बसला नाही. म्हणून आजही वाचनालयाचा गाडा अनुदान, वर्गणी आणि देणग्या यांवरच ओढला जातो.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट. पाणी नगर वाचनालयात शिरलं, तेही त्याच्या दीडशेव्या वर्षी. नवी कादंबरी पुन्हा विकत आणता येते. पण जुन्या मासिकांचे बांधीव खंड भिजले, की ते आणायचे कुठून? एका गावाने दीडशे वर्षं संध्याकाळी काय वाचलं, त्याचा तो पुरावा असतो.

पाणी निदान दिसतं तरी. दुसरं नुकसान दिसत नाही. आज अनेक वाचनालयांत अभ्यासिका भरलेली असते आणि कथा-कादंबऱ्यांचं कपाट बंद असतं. स्पर्धा परीक्षेची मुलं तिथे बसतात याचा आम्हाला आनंदच आहे. घरी जागा नसलेल्यांना दुसरा आसरा नाही. पण त्यांचा तो वेळ फावला नाही, तो कामाचाच. सातारा जिल्ह्यातल्या भिलारला 2017 मध्ये ‘पुस्तकांचं गाव’ झालं, तिथे घराघरांत बसून वाचता येतं. तिथे सहलीला जरूर जा. पण सहल वर्षातून एकदा, संध्याकाळ रोज.

वाचनालय चालतं ते येणाऱ्या माणसावर. तेव्हा या आठवड्यात एक संध्याकाळ काढा, आपल्या गावच्या वाचनालयात जा, वर्गणी भरा आणि परीक्षेला न लागणारं एखादं पुस्तक घरी आणा. साताऱ्याच्या त्या पहिल्या वर्गणीदारांनी याहून वेगळं काही केलं नव्हतं.